आंधळा छद्मविंचू: केस मोजण्याच्या नोंदी

३ जून

कुजक्या पाल्याच्या खाली, दगडांच्या खाचांत ओली काळी माती साचते. तिथून साधारण दोन लिटर माल पिशवीत भरून आणला. हवा आहे तो छद्मविंचू, म्हणजे स्यूडोस्कॉर्पियन: विंचवासारखे दोन चिमटे, पण शेपूट आणि नांगी नाही, असा आठ पायांचा बारका प्राणी. आणि तोही बिनडोळ्यांचा. गेल्या खेपेला याच खाचेत एक फिकट, डोळे नसलेला दिसला होता आणि ब्रशाने उचलेपर्यंत फटीत गेला होता.

नरसाळं लावलं. वर जाळी, जाळीवर माती, मातीवर दिवा, खाली अल्कोहोलची बाटली. वरून माती सुकत जाते, प्राणी ओलाव्याच्या मागे खाली सरकतात आणि टपकन बाटलीत पडतात. इतकं सोपं असल्यामुळेच मी ते बिघडवलं.

५ जून

बाटलीत स्प्रिंगटेल, माइट असे मातीतले बारके जीव, दोन भुंगे. छद्मविंचू शून्य. दिवा मातीपासून चार बोटांवर ठेवला होता. एका रात्रीत वरचा थर भाजून निघाला आणि मऊ कातडीचे सगळे आतच सुकून मेले. सुकलेली माती पांढऱ्या ताटात चाळली तेव्हा एक चिमटा सापडला. नुसता चिमटा, मालक नाही.

सुधारणा: दिवा एक हात वर नेला आणि कमी वॉटचा लावला. मातीचा थर निम्मा केला. खालच्या बाटलीतलं अल्कोहोल उडून जात होतं म्हणून नरसाळ्याचं तोंड आणि बाटली यांच्यामधली फट कापडाने बांधली. पुन्हा माती आणायला लागली. वरचा कोरडा पाला बाजूला सारून या वेळी फक्त खालचा ओला भाग घेतला.

९ जून

चार दिवसांत पाच छद्मविंचू मिळाले. चार बाटलीत पडलेले, पाचवा जिवंत. तो माती ओतताना ताटावर आला म्हणून वेगळा ठेवला.

जिवंत असताना तो बघून घेतला ते बरं झालं. दीड मिलिमीटरही नाही, दुधाळ पिवळसर, चिमटे तेवढे किंचित लालसर. दोन्ही चिमटे पुढे ताणून, काठीने वाट चाचपणाऱ्यासारखा हळूहळू चालत होता. ब्रशाचं टोक लावताच झटक्यात उलटा मागे पळाला. छद्मविंचवांची ही उलटी धाव एकदा बघितली की माइट आणि यांच्यात गल्लत होत नाही. हलकी फुंकर मारली तर जागच्या जागी गोठतो. चिमट्यांवरचे लांब केस हवा हलली की कळवतात. तेच केस पुढे मला महिनाभर छळणार आहेत हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाचांना क्रमांक दिले. जिवंत असलेला क्र. ५. सगळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये, प्रत्येकाची वेगळी नळी. चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिल्या.

१० जून

चिठ्ठ्या कोऱ्या आणि अल्कोहोल फिकट निळं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते हे मला माहीत होतं, तरी हात पेनाकडेच गेला. नळ्या स्टँडवर क्रमाने लावलेल्या होत्या म्हणून वाचलो. आता सगळं पेन्सिलीने, आणि चिठ्ठी नळीच्या आत. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते.

१२ जून

इथे मोठी चूक झाली. ती सविस्तर लिहितो, कारण हे काम पहिल्यांदा करणारा माणूस नेमकी हीच करेल.

क्र. १ नीट दिसावा म्हणून थेट लॅक्टिक ॲसिडमध्ये टाकला. ॲसिडने आतले मऊ भाग विरतात, कवच काचेसारखं पारदर्शक होतं आणि केस, दात, काटे दिसायला लागतात. एका दिवसात सुंदर साफ झाला. मायक्रोस्कोपखाली पाठकवचाच्या दोन्ही कडा तपासल्या. डोळे नाहीत. वहीत लिहिलं: “आंधळा. नक्की.”

संध्याकाळी डोळे असलेला एक जुना नमुना तुलनेसाठी काढला आणि पोटात गोळा आला. त्याला एका बाजूला दोन डोळे. पुढच्याला भिंग आहे, काचेच्या मण्यासारखं, ते कशानेही लपत नाही. मागच्याला भिंगच नाही, नुसता एक चपटा फिकट डाग. अल्कोहोलमध्ये बाजूने उजेड पाडला की तो रुपेरी चमकतो. भिंग नसलेला असा डाग ॲसिडने साफ केलेल्या नमुन्यात दिसेलच असं नाही. म्हणजे क्र. १ला भिंग नव्हतं एवढंच मी म्हणू शकतो. डाग होता की नव्हता, ते मी स्वतःच्या हाताने धुऊन टाकलं.

वहीतलं “नक्की” खोडलं. उरलेल्या चौघांसाठी नियम: डोळे आधी बघायचे, अल्कोहोलमध्ये, दोन्ही बाजूंनी, उजेड तिरका पाडून, शेजारी डोळेवाला नमुना ठेवून. ॲसिड त्यानंतर.

१४ जून

क्र. १चा उजवा चिमटा कापून स्लाइडवर घेतला, वर कव्हरस्लिप टाकली. कर्र. आवाज आला नसेल, पण मला आला. चिमट्याला मागे फुगीर पंजा आणि पुढे दोन बोटं, एक स्थिर, एक हलणारं. पंजा चपटा झाला, हलणारं बोट निखळून बाजूला गेलं.

मग ज्या शोधनिबंधांतली “पद्धती” मी नेहमी उडवून पुढे जातो ती वाचली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयातले मार्क हार्वी या गटातले मोठे जाणकार. त्यांच्या निबंधांमध्ये हे चक्क लिहून ठेवलेलं असतं: ७५ टक्के लॅक्टिक ॲसिड, साध्या तापमानाला एक ते काही दिवस, मग १० किंवा १२ मिलिमीटरची गोल कव्हरस्लिप, आणि तिच्याखाली टेकू म्हणून मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे तुकडे, ०.२५, ०.३५ किंवा ०.५० मिलिमीटर जाडीचे. म्हणजे आपला तंगूस! तंगुसाचे तीन बारके तुकडे त्रिकोणात ठेवले की काच त्यांच्यावर टेकते आणि चिमट्यावर भार येत नाही. शिवाय काच बोटाने अलगद सरकवली की खालचा चिमटा लोळतो, हव्या त्या कुशीवर वळवता येतो. हा फायदा मला नंतर कळला.

डावा चिमटा अंगालाच ठेवला होता. तो आता तंगुसावर. नेहमी एकच बाजू कापा.

१५ ते १७ जून

तीन संध्याकाळी वाया. कशा, ते सांगतो.

छद्मविंचवाच्या चिमट्यावर साध्या केसांशिवाय काही खास लांब केस असतात, ट्रायकोबोथ्रिया. प्रत्येक केस एका गोल वाटीत रोवलेला असतो. या केसांची संख्या आणि जागा यांच्यावर या प्राण्यांची निम्मी ओळख चालते. १९३१ साली जे. सी. चेंबरलिन यांनी त्यांना अक्षरांची नावं दिली आणि आजही तीच चालतात. पूर्ण वाढलेल्या प्राण्यात बहुधा स्थिर बोटाच्या बाजूला ८ आणि हलणाऱ्या बोटावर ४, एकूण १२.

मला मिळाले ७ आणि ३. पुन्हा मोजले. ७ आणि ३. हे केस सहज तुटतात, म्हणून केस सोडून रिकाम्या वाट्या शोधल्या. केस गेला तरी वाटी राहते, तेव्हा मोजायच्या त्या वाट्याच. तरी दहा.

मग आठवलं की मायक्रोबिसियम नावाचा एक वंश आहे, ज्याच्या प्रौढांनाही ७ आणि ३ असेच केस असतात, लहानपण न सोडल्यासारखे. चौथा पाय बघितला, टोकाला दोन पेरं. मायक्रोबिसियम ज्या निओबिसिइडी कुळातला, त्याच्या सगळ्या पायांना टोकाशी दोन पेरं असतात. जुळलं! मायक्रोबिसियमला डोळे असतात ही अडचण होती. ती मी “मातीत राहून गेले असतील” असं म्हणून बाजूला सारली. दोन रात्री मी एका आंधळ्या मायक्रोबिसियमचा शोधकर्ता होतो. काय वर्णन लिहायचं तेही मनात तयार झालं होतं.

१८ जून

मॅडमना फोटो पाठवले. कॉलेजात त्यांनी आम्हाला कोळी आणि माइट शिकवले, आता निवृत्त आहेत. अर्ध्या तासात फोन.

“चौथा पाय बघितलास. पहिला कोणी बघायचा?”

बघितला. पहिल्या आणि दुसऱ्या पायाच्या टोकाला एकच पेर. तिसऱ्या आणि चौथ्याला दोन. १, १, २, २. ही निओबिसिइडी नव्हेत, ही क्थोनिइडी, वेगळंच कुळ. आणि एकदा ते कळल्यावर बाकीचं सगळं डोळ्यांसमोरच होतं: तोंडापुढचे जबडे अंगाच्या मानाने अवाढव्य, आणि चिमट्याच्या बोटांत विषाची नळी नाही. निओबिसिइडींमध्ये ती स्थिर बोटात असते. मी ती शोधलीच नव्हती.

“मग ७ आणि ३ कसे, मॅडम?”

“वय विचारलंस का त्याला?”

पिल्लू होतं. छद्मविंचू तीन पिल्लावस्थांमधून जातो आणि प्रत्येक कातेनंतर केस वाढतात. पहिलीत स्थिर बोटावर ३ आणि हलणाऱ्यावर १, दुसरीत ६ आणि २, तिसरीत ७ आणि ३, प्रौढात ८ आणि ४. माझा क्र. १ तिसऱ्या अवस्थेतला, ट्रायटोनिम्फ. त्याला प्रौढ समजून मी कुळ बदललं आणि जगात नसलेली एक जात बनवली.

फोन ठेवण्याआधी मॅडमनी विचारलं, “एखादा पाय शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवलास का, डीएनएसाठी?” नव्हता ठेवला. “पुढच्या वेळी ॲसिडच्या आधी ठेव. आणि डोळ्यांचं कौतुक पुरे आता. केस मोज.”

त्यांचं खरं आहे. डोळे जाणं ही अंधारात राहणाऱ्यांची गोष्ट आहे, घराण्याची नव्हे. गुहेत, मातीच्या खोल थरात, दगडांच्या फटींत वेगवेगळ्या कुळांनी आपापले डोळे आपापल्या काळात गमावले आहेत. त्याच्या जोडीला रंग फिका होतो आणि पुष्कळदा हातपाय लांबतात. दोन बिनडोळ्यांचे एकमेकांसारखे दिसतात म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

आज क्र. २, ३, ४ आणि ५ यांचा एकेक पाय काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवला. पहिले काही दिवस ७० टक्क्यांत गेलेच, पण आता निदान ॲसिडच्या आधी तरी.

२१ जून

क्र. २. आधी डोळे. अल्कोहोलमध्ये, डावी बाजू, उजवी बाजू, तिरका उजेड. शेजारी डोळेवाला ठेवलेला, त्याचा मणी लखलखतोय. क्र. २ची कड सरळ, कोरी. मणी नाही, डाग नाही. क्र. ३ तसाच. क्र. ४ तसाच. क्र. ५ही. चारही आंधळे, आणि या वेळी पुराव्यानिशी. मग दोन, तीन आणि चार क्रमांक ॲसिडमध्ये. क्र. ५ राखीव.

२३ जून

क्र. २चे केस मोजले. स्थिर बोट १०, हलणारं ४. चौदा! कमी झाले तर पिल्लू, जास्त झाले तर काय?

तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की स्थिर बोटाच्या टोकाजवळ दोन आखूड केस एकमेकांना चिकटून उभे आहेत. क्थोनिइडींमध्ये ही जोडी असते. मोजदादीत ती धरत नाहीत. ती वगळली, ८ आणि ४. प्रौढ. आणि दोन केस पार मागे, पंज्याच्या पाठीवर शेजारी शेजारी, चेंबरलिन यांच्या अक्षरांत आयबी आणि आयएसबी. क्थोनिइडींची ही ठेवणीतली खूण.

हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो. फोकसचा स्क्रू केसभर फिरवला की एक वाटी दिसायची, केस धुक्यात जायचा. आणखी फिरवला की केस उगवायचा, वाटी जायची. पंज्याच्या फुगीर पाठीवर दोन वाट्या, आणि त्यांतून निघालेले दोन तंतू इतके बारीक की त्यांच्या टोकाचा अंदाजच करायचा.

क्र. २ नर आहे. पोटाखालच्या जननछिद्राची फट आणि तिच्या दोन्ही कडांना केसांची रांग. क्र. ३ आणि क्र. ४ माद्या.

२४ जून

मापं. आयपीसमधली पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे ठरावीक मापाच्या रेघा आखलेल्या स्लाइडवर, लावून बघितली: १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली एक घर म्हणजे १० मायक्रॉन, ४०च्या खाली एक घर म्हणजे २.५ मायक्रॉन. हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं आणि विसरलो.

क्र. २चा चिमटा, लांबी १०खाली ६२ घरं, ०.६२ मिमी. रुंदी जास्त बारकाईने घ्यावी म्हणून ४०खाली, ४४ घरं. गुणिले १०, ०.४४ मिमी. लांबी भागिले रुंदी, १.४. काडीसारखा चिमटा कागदावर गोटी झाला! ४०च्या घरांना १०चा भाव लावला होता. खरी रुंदी ०.११, गुणोत्तर ५.६.

समाधान म्हणून दुसऱ्यांदा मोजलं तर रुंदी ०.१३, गुणोत्तर ४.८. आता काय? पट्टी बरोबर, हिशोब बरोबर. चिमटा लोळला होता. तंगुसावरची काच सरकली आणि तो जरा कुशीवर वळला. चिमट्याचं माप बाजूने घ्यायचं असतं, आणि बाजू म्हणजे दोन्ही बोटं एका पातळीत, दातांची रांग कडेला करवतीसारखी दिसतेय अशी. दात अर्धवट समोरून दिसत असतील तर ते माप फेकून द्यावं. चिमटे ज्यांच्या टोकाला असतात त्या हातांच्या बाकीच्या पेरांचं माप मात्र वरून. तीनदा नव्याने बसवून तीनदा मोजलं: ५.६, ५.६, ५.५.

जातींच्या वर्णनांत अशी गुणोत्तरं एका दशांशापर्यंत दिलेली असतात आणि कधी कधी त्यांच्यावरच दोन जाती वेगळ्या केलेल्या असतात. नुसतं लोळण्याने ०.८चा फरक पडतो हे एकदा स्वतः बघितल्यावर ते आकडे मी जरा दबकूनच वाचतो.

२८ जून

कुळ कळलं, आता वंश. क्र. २ उताणा केला. पायांच्या मुळाची रुंद पेरं पोटाखाली फरशीसारखी जोडलेली असतात. त्यांच्यावर क्थोनिइडींमध्ये चपटे काटे असतात, आणि ते कोणत्या पायाच्या मुळाशी आहेत याला महत्त्व आहे. क्थोनियस या वंशात दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही पायांच्या मुळाशी काटे आणि मधोमध दोन केसांचा एक उंचवटा. माझ्याकडे काटे फक्त दुसऱ्याच्या मुळाशी, तिसऱ्याची मुळं कोरी, मध्ये उंचवटा नाही. पंज्याच्या आतल्या अंगाला एक जाडजूड, काट्यासारखा केस. या खुणा टायरॅनोक्थोनियसकडे किंवा त्याच्या सख्ख्या शेजाऱ्याकडे, लॅजिनोक्थोनियसकडे नेतात.

पहिला वंश चेंबरलिन यांनी १९२९ साली मांडला, दुसरा मॅक्स बायर यांनी १९५१ साली. या दोघांत फरक करायचा तो पंज्याच्या आकारावरून. लॅगिनोस हा ग्रीक शब्द, अर्थ सुरई. लॅजिनोक्थोनियसचा पंजा अगदी तसाच: खाली फुगलेला आणि बोटं सुरू होण्याआधी एकदम आवळलेला, सुरईच्या मानेसारखा. शिवाय हलणाऱ्या बोटाच्या मुळाशी, पंज्याच्या आत, कवचाचा एक गडद घट्ट तुकडा, स्नायू धरणारा. टायरॅनोक्थोनियसचा पंजा बोटांकडे हळूहळू निमुळता होत जातो आणि आतला तुकडा नसतो किंवा जेमतेम असतो.

क्र. २: सुरई. आतला तुकडा गडद, ठळक. लॅजिनोक्थोनियस. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. पुढे असंही लिहिलं: “क्र. ३, ४ तेच. फक्त खात्री करणे.”

१ जुलै

क्र. ३ची खात्री करायला गेलो तर सुरई नाही.

एकाच पिशवीतली माती, एकाच नरसाळ्यातून पडलेले, तेवढेच फिके, तेवढेच आंधळे. चिमटा ०.६६ मिमी, रुंदी ०.१२, गुणोत्तर ५.५. क्र. २च्या इतकं जवळ की आकड्यांवर गेलो असतो तर दोघांना एका नळीत घातलं असतं. पण पंजा मुळापासून बोटांपर्यंत सरळ उतरता. मान नाही. आत गडद तुकडा नाही, फोकस वरखाली करून तीनदा बघितलं.

पहिली शंका स्वतःवर. दोघांचे कापलेले चिमटे काल एकाच काचेच्या वाटीत धुतले होते. अदलाबदल? इथे एकच बाजू कापायचा नियम कामी आला: दोघांचे डावे चिमटे अजून अंगालाच होते. क्र. २चा डावा, सुरई. क्र. ३चा डावा, निमुळता. अदलाबदल नव्हती, पण मी पुन्हा कधी दोन नमुने एका वाटीत धुणार नाही.

दुसरी शंका: क्र. २ नर, क्र. ३ मादी. हा नरमादीचा फरक असेल तर? छद्मविंचवांत नराचा आणि मादीचा चिमटा वेगळ्या ठेवणीचा असू शकतो, आणि अशा फरकावरून दोन जाती मानणं ही या गटातली जुनी चूक आहे. क्र. ४ काढली. मादी. पंजा सुरईचा, आतला तुकडा गडद. म्हणजे सुरई नरालाही आहे आणि मादीलाही. फरक लिंगाचा नाही. मूठभर मातीत दोन वेगवेगळ्या वंशांचे दोन आंधळे नांदत होते, आणि “डोळे नाहीत” या एका खुणेवर मी तीन आठवडे त्यांना एकच समजून चाललो होतो.

मॅडमना कळवलं. “छान,” एवढंच म्हणाल्या. मग थोडं थांबून, “क्र. ४ नसती मिळाली तर काय लिहिलं असतंस?”

उत्तर दिलं नाही. लिहून मोकळा झालो असतो.

६ जुलै

जातीपर्यंत जायचा प्रयत्न आणि माघार.

हे दोन वंश सोबत सापडणं जगावेगळं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निमकोरड्या पट्ट्यातल्या जमिनीखालच्या टायरॅनोक्थोनियस आणि लॅजिनोक्थोनियसवर एडवर्ड आणि हार्वी यांचा २००८ सालचा मोठा निबंध आहे. त्याचा सगळा भर एका गोष्टीवर: जमिनीखालचे हे प्राणी फार छोट्या टापूत राहतात. वाऱ्यावर उडत नाहीत, उजेडात येत नाहीत, ओलावा सुटला की संपले. एका जागची जात थोड्या अंतरावर मिळेलच असं नाही, तिथे तिची चुलत बहीण असते.

याचा माझ्यासाठी अर्थ असा, की दुसऱ्या देशातल्या वर्णनाशी माझा नमुना जुळला तर आधी माझ्या मोजणीवर शंका घ्यावी. दोन संध्याकाळी वर्णनं ताडून बघितली: पाठकवचावरच्या केसांच्या ओळी, पायांच्या मुळाशी असलेल्या काट्यांची संख्या, बोटांवरचे दात, मोठ्या दातांच्या मधले छोटे दात. इथे आणखी एक ठेच. क्र. २च्या पाठकवचावर मला १७ केस मिळाले. हे केस डाव्या उजव्या जोडीने असतात, तेव्हा विषम आकडा आला की काहीतरी सुटलंय. सुटलं होतं: मागच्या कडेजवळ एक रिकामी खाच, केस पडलेला. १८.

काट्यांचंही तसंच. क्र. २ला डावीकडे ७, उजवीकडे ८. एकाच प्राण्यात हा आकडा हलत असेल तर तो एकट्याने जात ठरवणार नाही.

तीन प्रौढांवर नवी जात म्हणायची माझी छाती नाही आणि जुनं नाव चिकटवायचं तर ते खोटं होईल. थांबतो.

१० जुलै

आवराआवर. लॅक्टिक ॲसिडमधले नमुने आधी पाण्यात धुतले, दोनदा, मग अल्कोहोल. कापलेले चिमटे बारीक काचेच्या नळ्यांत, त्या नळ्या मालकांच्या नळ्यांत. क्र. १चा चिरडलेला चिमटाही ठेवला. केसांच्या वाट्या त्याच्यावरही मोजता येतात.

पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या, जागा आणि तारखेखाली:

क्र. १. क्थोनिइडी, ट्रायटोनिम्फ. डोळ्यांचं भिंग नाही. डाग तपासण्याआधीच साफ केला.

क्र. २, नर, आणि क्र. ४, मादी. लॅजिनोक्थोनियस, जात अनिश्चित. डोळे नाहीत, डागही नाहीत.

क्र. ३, मादी. टायरॅनोक्थोनियस, जात अनिश्चित. डोळे नाहीत, डागही नाहीत.

राहिला क्र. ५, तो ताटावर उलटा पळालेला. ॲसिडमध्ये घातला नाही, अल्कोहोलमध्येच खोलगट स्लाइडवर घेऊन वाट्या मोजल्या. स्थिर बोट ६, हलणारं २. दुसरी पिल्लावस्था. पंजा जरा फुगीर वाटतो, मग वाटत नाही, आणि इतक्या लहान वयात सुरई किती उठून दिसावी हे ताडायला माझ्याकडे दुसरं पिल्लू नाही. चिठ्ठीवर फक्त “क्थोनिइडी, आंधळा” लिहिलं आणि नळी क्र. २ आणि क्र. ३ यांच्या मधल्या खाचेत उभी केली. शुद्ध अल्कोहोलमधला त्याचा पाय मॅडमच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत जाईल.